ल्योंच्या ताईंना, सोलापूरहून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

निघताना तुम्ही बजावलं होतंत, "माझं नाव कुठं लिहू नका हं." म्हणून नाव लिहीत नाही. पत्र मात्र उघडच लिहितेय. आपल्याकडचं कुणी म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन फ्रान्सातल्या ल्योंला निघालं असेल, तर तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत ते त्यांनाही वाचता यावं. आणि अण्णा परवा म्हणाले, "फोनवर थँक्यू म्हटलंस ते ठीक आहे, पण त्या पोरीला कागदावर लिही."

तुम्हाला आठवत असेल, आमची सुरुवात रडतखडत झाली होती. पॅरिसहून रेल्वेने दोन तासांत ल्योंला उतरलो, आणि त्याच संध्याकाळी, आधी पैसे भरून ठरवलेल्या गाईडचा येत नसल्याचा निरोप आला. अण्णांचं वय 74, दोन्ही गुडघे गेलेले, कानाला मशीन. मला फ्रेंचचा गंध नाही. मावसबहिणीच्या मैत्रिणीकडून तुमचा नंबर मिळाला, तेव्हा फार तर दोन पत्ते विचारावेत एवढीच माझी अपेक्षा होती. तुम्ही पलीकडून पहिला प्रश्न विचारलात तो असा: "वडिलांना जिना किती चढवतो? आणि त्यांना ल्योंच का बघायचंय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एका वाक्यात दिलं होतं. ते जरा नीट सांगते. अण्णांनी सोलापुरात तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जकार्डवर, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागावर, काम केलं. आमचं घर पूर्व भागात. आई दारात बसून कांड्या भरायची, म्हणजे विणायचं सूत गुंडाळायची, आणि आम्ही मुलं मागाच्या खडखडाटात अभ्यास करायचो. 'जकार्ड' हा शब्द मला लहानपणापासून 'पाटा' किंवा 'खलबत्ता' यांच्यासारखाच घरातला वाटायचा. ते एका माणसाचं आडनाव आहे, हे मला कॉलेजात कळलं. अण्णांना आधीपासून माहीत होतं. हा माग काढणारे जोसेफ मारी जाकार, जन्म 1752, गाव ल्यों. त्यांच्या एका मुकादमाने कधीतरी सांगितलेलं, ते त्यांनी डोक्यात जपून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला आधी वर नेलंत, मग खाली आणलंत. हा क्रम किती महत्त्वाचा होता ते नंतर कळलं. जुन्या शहरातल्या व्ह्यू ल्यों स्टेशनावरून दोरीची रेल्वे सुटते. तिथले लोक तिला लाडाने 'फिसेल' म्हणजे सुतळी म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अण्णा पहिल्यांदा हसले. फूर्व्हिएरच्या टेकडीवर तिने आम्हाला थेट बॅसिलिकाच्या दारात सोडलं. चार कोपऱ्यांना चार मनोरे असलेल्या त्या पांढऱ्या इमारतीला गावातले लोक पाठीवर उलटा पडलेला हत्ती म्हणतात. एकदा ऐकल्यावर दुसरं काही दिसतच नाही! मागच्या कठड्यापाशी तुम्ही पिशवीतून घडीचं स्टूल काढलंत आणि अण्णांना बसवलंत. खाली लाल कौलं, अलीकडे सोन नदी, पलीकडे रोन आणि दोन्हींच्या मधली गावाची चिंचोळी पट्टी. ते स्टूल तुम्ही दोन दिवस खांद्याला लावून फिरलात. त्याबद्दल वेगळे आभार मानायचे राहिलेत, ते इथे मानते.

तिथून थोडं उतरलं की रोमन नाट्यगृह लागतं. इ.स.पू. 43 मध्ये रोमनांनी हे शहर वसवलं, तेव्हा त्याचं नाव होतं लुग्दुनुम. दगडी पायऱ्यांचं ते अर्धवर्तुळ आजही उन्हाळ्यात नाटकं आणि गाण्यांसाठी वापरतात, हे मला फार आवडलं. परतीला पुन्हा बॅसिलिकापर्यंत न चढवता तुम्ही नाट्यगृहाजवळच्या मिनिम स्टेशनावर नेलंत आणि दुसऱ्या दोरीच्या रेल्वेने खाली आणलंत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. वर जायची गाडी वेगळी, यायची वेगळी, आणि मधली चाल सगळी उताराची.

जुन्या गावात आपण सेंट जॉनच्या कॅथेड्रलमधलं खगोलीय घड्याळ बघितलं, अरुंद गल्ल्यांतून फिरलो. एकेकाळी यातला काही भाग पाडून रस्ता काढायचा बेत होता, लोक आडवे आले, आणि 1964 मध्ये संपूर्ण जुन्या वस्तीला कायद्याचं संरक्षण मिळालं. फ्रान्समधली अशी ती पहिलीच वस्ती. खरी गंमत त्राबूलांची. बाहेरून एखाद्या घराचा साधा दरवाजा दिसतो. तुम्ही बाजूचं बटण दाबलंत, दार ढकललंत, आणि आत अंधारी वाट, मग उघडा चौक, गोल जिना, पुन्हा वाट, आणि बाहेर पडलो तर भलत्याच गल्लीत. र्‍यू सां-जाँच्या 54 नंबरातून शिरून र्‍यू द्यू बफच्या 27 मधून निघालो, ती वाट जुन्या ल्योंमधली सगळ्यात लांब. आत शिरताना तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. "लोक राहतात इथे. त्यांनी वाट दिलीय, आपण आवाज करायचा नाही." आमच्यामागून आलेल्या घोळक्याला हे सांगणारं कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली, तेव्हा मला वाईट वाटलं.

दुसरा दिवस क्रुआ-रूसचा. त्या दिवसासाठी हे पत्र आहे.

ल्योंमध्ये दोन टेकड्या, एक प्रार्थना करणारी, एक काम करणारी, असं म्हणतात. फूर्व्हिएर पहिली. दुसरी क्रुआ-रूस, रेशीम विणणाऱ्या कान्यूंची. मेट्रोची सी लाइन दात्यांच्या रुळावरून ती टेकडी चढते. मधल्या क्रुआ-पाके स्टेशनाचा फलाटसुद्धा तिरका आहे, अण्णांनी उतरून बघायचा हट्ट धरला आणि तुम्ही पुढची गाडी येईपर्यंत त्यांच्यासोबत थांबलात. वर चौकात आलो तर समोर जाकारचा पुतळा. अण्णांनी चपला काढल्या. मला क्षणभर संकोच वाटला होता, खरं सांगते. तुम्ही काही न बोलता स्वतःचेही बूट काढलेत आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिलात. ताई, हे मी विसरणार नाही.

मग तुम्ही त्यांना घरं दाखवायला निघालात, आणि दोन मिनिटांत तेच तुम्हाला दाखवू लागले. "खिडक्या बघा किती उंच. छत बघा. आत माग होते." बरोबरच होतं. जाकारचा माग जवळजवळ चार मीटर उंच, म्हणून घरांची छतंही तेवढी उंच बांधली. मोठ्या खिडक्या कापडावर उजेड पडावा म्हणून, आणि विणकराचं कुटुंब झोपायचं ते मागाशेजारच्या फळ्यांच्या पोटमाळ्यावर. आमच्या पूर्व भागातल्या घरात छत बुटकं होतं, पण उशाला माग होताच.

मेझों दे कान्यू, म्हणजे विणकरांच्या संग्रहालयात, तिथल्या बाईंनी हातमाग चालवून दाखवला. कान्यू लोक मागाच्या आवाजाला 'बिस्तां-क्लाक-पां' म्हणायचे, असं तुम्ही अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितलंत. अण्णांनी तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणून बघितलं. माग सुरू झाला आणि त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. तीस वर्षांच्या खडखडाटाने कान गेले, आणि त्याच आवाजासाठी त्यांना मशीन नको होतं. त्यांनी हात पुढे केला आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही त्या बाईंना विचारलंत. त्यांनी मान हलवली, आणि अण्णांनी मागाच्या लाकडी खांबावर तळवा टेकवला. धोटा इकडून तिकडे जात होता आणि वर भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक फिरत होते. अण्णा डोळे मिटून उभे होते.

मग ते बोलायला लागले आणि तुम्ही भाषांतर करत राहिलात. किती हुकांचं जकार्ड आहे, पुठ्ठे कोण पाडतं, ताण्याला रेशमाचा पीळ किती? तुम्हाला 'हूक' आणि 'फणी' यांचे फ्रेंच शब्द माहीत नव्हते, तर तुम्ही बोटाने दाखवत होतात. पुठ्ठ्याला जिथे भोक, तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याचे धागे वर येतात. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागे खालीच राहतात. नक्षी म्हणजे एवढंच. याआधी वर दोऱ्या ओढायला पोरं ठेवायचे. मी त्या घरात वाढले, पण हे पहिल्यांदा कळलं ते ल्योंमध्ये, अण्णांच्या तोंडून, तुमच्या मदतीने. त्यांना मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.

उतरताना तुम्ही कूर दे व्होरासचा जिना दाखवलात. चौकाच्या आत, इमारतीच्या अंगावर बाहेरून लावल्यासारखा सहा मजली दगडी जिना. चढण्यापेक्षा उतरणं अण्णांना जड जातं, म्हणून प्रत्येक वळणावर स्टूल उघडत होतं. तिथेच बसून तुम्ही 1831 सालची हकीकत सांगितलीत: विणकरांनी मजुरीचा किमान दर मागितला, ठरलेला दर व्यापाऱ्यांनी पाळला नाही, आणि ते 'काम करत जगू, नाही तर लढत मरू' असं लिहिलेला काळा झेंडा घेऊन खाली उतरले. 1834 मध्ये पुन्हा उठाव झाला. दोन्ही वेळा सैन्य आलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या सोलापूरचं सांगितलं. 1930 च्या मे महिन्यातला गिरणी कामगारांचा संप, मार्शल लॉ, आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चौघे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ते स्वातंत्र्यासाठी, हे दरासाठी, पण तुम्ही दोघं त्या जिन्यावर असे बोलत होतात की जणू एकाच गल्लीतली गोष्ट आहे.

त्या दिवशी गुरुवार होता, अण्णांचा उपास सोडायचा होता, आणि ल्योंच्या खानावळींत बहुतेक सगळं मांसाहारी. तुम्ही शोधून 'सेर्व्हेल द कान्यू' मागवलंत. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू, म्हणून मी घाबरले होते. निघालं ताजं पांढरं चीज, त्यात लसूण, कांद्याची पात, थोडं तेल आणि व्हिनेगर. अण्णांनी पावाला लावून दोनदा मागून घेतलं, वर म्हणाले, "दह्यातली चटणीच आहे ही."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिनेमावाल्या लुमिएर बंधूंची जागा बघून आम्ही गाडी पकडली. 1895 मध्ये त्यांनी तिथल्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले, आणि पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1896 ला, त्यांची चलचित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. अण्णा ते कामगार बघत बराच वेळ उभे होते. "पाळी सुटल्यावर आम्हीही असेच निघायचो," एवढंच म्हणाले.

ताई, तुम्ही ऑफिसला दोन दिवस सुट्टी टाकली होतीत हे मला स्टेशनावर कळलं, तेही तुमच्या मुलाकडून. मी पैशांचा विषय काढला तर तुम्ही रागावलात. म्हणून आता अण्णांचं ऐका. ते स्वतः जुन्या कारखान्यात गेले, मागावर उभं राहून बघितलं, आणि तुमच्यासाठी डबलची चादर घेतली, मयूरपंखाची. पुढच्या महिन्यात माझा दीर पॅरिसला जातोय, त्याच्या बॅगेत देतेय. सोबत शेंगाचटणीचं पाकीट आहे. चादर पहिल्यांदा गार पाण्यात, एकटीच धुवा, रंग थोडा सुटेल. आणि रंग आवडला नाही तर संकोच न करता सांगा, अण्णा म्हणतात ते बदलून आणतील.

तुमची,
अण्णांची धाकटी