गवा बघायला जाताय तर स्पीकर घरी ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी घरच्यांना घेऊन राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरला गेलो होतो, लेकीला कधीपासनं गवा बघायचा होता. गाईड तिथलाच, पहाटे आत शिरलो आणि तासाभरातच पाणवठ्याजवळ नऊ-दहा गव्यांचा कळप दिसला, काळेभोर अंग, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, मधी एक तांबूस पिल्लू आईला चिकटून उभं. लेक तोंडावर हात धरून बघत होती, तेवढ्यात मागनं दुसरी गाडी आली, गाणी फुल्ल आवाजात, पोरं टपावर उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. मोठा गवा मान वर करून जोरात फुसकारला आणि दोन मिनिटात सगळा कळप झाडीत गडप. गाईड एवढंच बोलला, "साहेब, सुट्टीच्या दिवशी रोजचंच हाय हे." लेक रडायला आली होती, खरं सांगतो मला लई लाज वाटली, कारण त्या गाडीचा नंबर पण आपल्या कोल्हापूरचाच होता.

हे जंगल म्हणजे शाहू महाराजांच्या काळातलं राखीव शिकारीचं रान, 1958 ला गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि 2012 ला पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून राधानगरी जागतिक वारशात गेलं. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण सगळे पंचगंगेची पातळी बघत मोबाईलला चिकटून बसतो, ते पाणी ह्याच डोंगरातनं येतं की. गव्याचा पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो, त्यात कळपात पिल्लू असताना त्याला असं डिवचलं आणि तो अंगावर आला तर टपावरच्या पोरांचं काय झालं असतं? आणि मग पेपरात काय छापून येणार, गव्याचा हल्ला!

माझी वनविभागाला विनंती आहे की नाक्यावर बाटल्या बघता तसे स्पीकर पण काढून ठेवून घ्या, परत जाताना द्या. गाईडशिवाय एकही गाडी आत सोडू नका, त्यातनं तिथल्या वाडीवस्तीच्या पोरांना चार पैसे पण मिळतील, आणि त्या गाईडला शिस्त मोडणारी गाडी तिथनंच माघारी फिरवायचा अधिकार द्या, नाहीतर तो बिचारा गिऱ्हाईकाला काय बोलणार. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळ पठारावर, तर गाड्या नकोतच, पावसात तिथं इवलीइवली फुलं येतात, मातीचा थर बोटभर पण नसतो, एकदा चाक फिरलं की संपलं.

पावसाळ्यानंतर अभयारण्य उघडलं की लेकीला परत घेऊन जाणार आहे, तोवर निदान स्पीकरचं तेवढं बघा.

– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर