पूर्वपक्ष मांडा, मग खोडा

मा. संपादक,
स.न.

राजकीय चर्चेची भाषा घसरली, ही तक्रार आपल्या अंकात वरचेवर वाचतो. पण शिवीगाळ फार उशिरा येते. संवाद त्याच्या बराच आधी तुटलेला असतो.

मध्यंतरी सक्तीच्या मतदानावरून एका जुन्या मित्राशी जुंपली. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे, मग इतरांना काय धाड भरली आहे, असा त्याचा सवाल, माझा विरोध. आवाज चढले तशी त्याची बायको म्हणाली, "आधी एकमेकांचं म्हणणं तरी सांगून दाखवा." मी ऐटीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्याने अडवले, "हे मी कधी म्हणालो?" खरेच, तो म्हणाला नव्हता. ते त्याच्या पक्षाचे पुढारी म्हणतात. अर्धा तास मी त्यांच्याशीच भांडत होतो! त्याची पाळी आली तेव्हा त्यानेही माझ्या तोंडी भलतेच घातले.

आपल्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, मांडायची रीत होती, खंडन नंतर. आता माणसाचा पक्ष कळला की त्याचे म्हणणे ऐकायची गरजच वाटत नाही. अमेरिकेत १९६० च्या एका पाहणीत मुलामुलींनी दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केले तर नाराज होऊ, असे म्हणणारे शंभरात पाचेक होते. २०१० साली तसाच प्रश्न विचारला तेव्हा रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश नाराज निघाले. पक्ष हे मत राहिले नाही, गोत्र झाले.

आयर्लंडमध्ये मात्र यादृच्छिक पद्धतीने निवडलेले ९९ नागरिक गर्भपातासारख्या स्फोटक विषयावर पाच शनिवार-रविवार एकत्र बसले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि शिफारशी केल्या. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मते गर्भपातावरची घटनेतली बंदी उठवण्याच्या बाजूने पडली. त्या ९९ जणांपैकी कुणाला निवडून यायचे नव्हते की टाळ्या घ्यायच्या नव्हत्या. आपले वाद बहुधा समोरच्यासाठी नसतातच, बघणाऱ्यांसाठी असतात.

म्हणून एक सूचना. आपण एकाच प्रश्नावर दोन बाजूंचे लेख शेजारी-शेजारी छापता. प्रत्येक लेखकाने आधी दुसऱ्याचे म्हणणे शंभर शब्दांत लिहावे, आणि त्या दुसऱ्याने "हो, हेच" म्हटले तरच लेख छापावा. काही रविवारी पान कोरे जाईल, याची कल्पना आहे.

आपला,
एक नियमित वाचक