शिल्लक शून्य

प्रिय बंड्या,

गुडघा बरा आहे, आईचं बीपीही. आता मुद्द्याचं. खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक शेवाळानं हिरवागार झालाय, आणि हे घरात कुणाला सांगून उपयोग नाही.

अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य, म्हणजे सायकल (बॅक्टेरियांनी माशांच्या घाणीतलं विष पचवायची साखळी) पूर्ण म्हणून क्लाउनफिशची जोडी आणली. लगेच वाळूवर तपकिरी थर. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ, त्यांचं काही नाही. सिलिकेटची कवचं बांधतात, ते संपलं की जातात. गेलेही. मी कॉलर ताठ करतोय तोच दगडांवर हिरवे लांब केस उगवले. सुमी म्हणते, छान डुलतंय, राहू दे की. सुमीचं तुला माहीतच आहे.

नायट्रेट तपासलं, जवळजवळ शून्य. फॉस्फेटही शून्य. खायला काही नाही आणि जंगल माजलंय! डोकं खाजवून खाजवून मध्यरात्री उलगडा झाला: पाण्यात पडेल ते शेवाळच गिळतंय, किटला दिसणार काय? आप्पा गणपतीच्या वर्गणीचा हिशेब असाच द्यायचा ना, शिल्लक शून्य!

दुकानदार म्हणतो, औषध टाका. टाकणार नाही. सगळं एकदम मेलं की सडणार, पाण्यातला ऑक्सिजन जाणार, मासे धापा टाकणार. फॉस्फेट ओढून घेणारी पावडर वापरावी, तर पाणी फारच निर्धन झालं की डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव, येतात: चिकट तारा, त्यात बुडबुडे. त्यांच्या काही जाती विषारी, खाणाऱ्या गोगलगायीच मरतात. म्हणून सध्या हातानं उपटतो, पाणी बदलताना नळीनं ओढतो, दिवे ८ तासांवरून ६ वर आणलेत. टर्बो गोगलगायी सोडल्यात, पण महाराणींना आखूड शेवाळच लागतं. आधी मी न्हावी, मग त्यांचं जेवण.

तू म्हणशील, मासे उपाशी दिसतात, घाल थोडं जास्त. कॉलेजात माझ्या गप्पींना पोळी कुस्करून घातलीस, पाणी पांढरं झालं आणि वर म्हणालास, थंडीनं गेले. मे महिन्यात! ते मी अजून सोडलेलं नाही.

बदलीचं काय झालं? रत्नागिरी मिळाली तर डोळे मिटून घे. इथे २०० लिटरला ७ किलो मीठ विकत आणतो मी, लेका. वहिनींना नमस्कार. पोरीची दहावी यंदाच ना?

मोठा दगड बाहेर काढून ब्रशनं घासावा असं रोज मनात येतं. पण त्यावरच्या बॅक्टेरियांच्या जिवावर तर सायकल उभी आहे. घासू की थांबू? तेवढं आधी कळव, बाकीचं सावकाश लिही.

तुझा,
दिन्या