वरचा पंख अजून टेबलावरच

प्रिय मुकुंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर गेले नाही, त्याचा खुलासा करत बसत नाही. केला तरी तू तो मानणार नाहीस. आज लिहायला बसलो त्याला कारण आहे, आणि ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यासारखे नाही. एस.ई. ५ए, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची माझी प्रतिकृती, अडली आहे. कॉकपिट झाले, धड झाले, खालचे पंख आणि स्ट्रट (दोन पंखांमधले दांडे) जागेवर बसले. वरचा पंख तेवढा टेबलावर पडून आहे आणि तो मी बसवत नाही, कारण पीसी १०, त्या विमानांना देत तो रंग, ज्याला मी तपकिरी म्हणतो आणि तू ऑलिव्ह.

हसून झाले असेल तर पुढे वाच. काल प्लास्टिकचे दोन तुकडे रंगवले, एक माझ्या तपकिरीने आणि एक तुझ्या ऑलिव्हने, आणि खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून नलूला विचारले की यातला कोणता योग्य वाटतो. ती म्हणाली, "दोन्ही एकच आहेत की, आणि दोन्ही चिखलाचे आहेत." एवढ्यात वसंता आला आणि "काहीतरी एक लाव आणि मोकळा हो" असा निकाल देऊन गेला. वसंताने आजवर प्रत्येक प्रश्न असाच सोडवला आहे, हे तुला सांगायला नको.

तुझा युक्तिवाद मला पाठ आहे: लोहाच्या पिवळ्या ऑक्साइडमध्ये काजळी मिसळली की हिरवट छटा येणारच, सबब पीसी १० हिरवा. रसायनाला माझा विरोध कधीच नव्हता. परंतु तो रंग डोपमध्ये, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या लाखेसारख्या द्रवात, कालवून ताणलेल्या लिननवर थरावर थर असा देत. उन्हाने कापडाची ताकद जाऊ नये हा त्याचा एक हेतू, आणि वरून पाहणाऱ्याला विमान जमिनीत मिसळून दिसावे हा दुसरा. म्हणूनच तो पंखांच्या वरच्या बाजूला आणि धडाच्या कुशींना असे, आणि खालच्या बाजूला नुसते पारदर्शक डोप. असा थर ऊन, पाऊस आणि एंजिनाचे तेल खात राहिला की तपकिरीकडे झुकतो, हे माझे म्हणणे तू एकदाही पुरते ऐकून घेतलेले नाहीस. संग्रहालयांतले जुने कापड दाखवले की तू म्हणतोस, इतक्या वर्षांत व्हार्निश पिवळे पडले. बरे, जुने फोटो पुढे करावेत, तर त्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्याला आंधळी. राउंडेलचा, म्हणजे विमानावरच्या गोल चिन्हाचा, तांबडा ठिपका जवळजवळ काळा आणि निळे कडे फिकट. ज्या फोटोत निळा पांढऱ्याला जाऊन भिडतो, त्यावरून तपकिरी की ऑलिव्ह हे कोण ठरवणार?

याच फिल्मवरून तू प्रदर्शनात परीक्षकांशी तावातावाने भांडलास, आणि तेव्हा तुझ्याच कॅमल विमानाच्या सुकाणूवर पट्टे उलटे होते, याची आठवण करून देण्याचा मोह मला आवरत नाही. हवा होता निळा पुढे, तांबडा मागे. १९३० साली क्रम बदलेपर्यंत हीच रीत होती. तू मात्र "हे विमान काळाच्या पुढे आहे" असे सांगून मोकळा झालास. बापूंनी ते खरे मानले, ही गोष्ट वेगळी.

विमान दुसऱ्या कोणाचे असते तर मीही वसंताचे ऐकले असते. पण हे मी वैमानिक इंद्रलाल रॉयचे करतो आहे. चाळीस नंबरचे स्क्वाड्रन, १९१८ चा जुलै. ६ ते १९ तारखांच्या दरम्यान दहा विजय, आणि २२ तारखेला जर्मन फोकर डी ७ विमानांशी झालेल्या चकमकीत फ्रान्समधल्या कार्व्हँच्या आकाशात शेवट. वय १९. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळवणारा तो पहिला भारतीय, आणि तेही मरणोत्तर. आता अडचण अशी की आघाडीवर विमाने फार काळ टिकतच नसत. कापड जुने होण्याआधीच विमान पडे, मोडे किंवा दुरुस्तीला जाऊन नव्या कापडात परत येई. म्हणजे उन्हाने तपकिरी होण्याइतकी सवड त्या थराला मिळाली का, हा प्रश्न उरतोच. ही शरणागती नव्हे. कागद जपून ठेवून पुढे वापरू नकोस.

शिवाय प्रमाण १:४८. मूळ विमानाचे ८.११ मीटरचे पंख इथे जेमतेम १७ सेंटिमीटर होतात, आणि एवढ्याशा पृष्ठभागावर मूळ रंग लावला तर तो काळपट दिसतो, म्हणून उजळावा लागतो. पण तपकिरीत पांढरा घातला की ती गुलाबी होते, आणि ऑलिव्हमध्ये घातला की खडूसारखी मेलेली छटा येते. पांढऱ्याऐवजी बफचे, म्हणजे फिकट पिवळसर रंगाचे, चार थेंब घातल्यावर दोन्ही सावरले. रिबांवर, म्हणजे पंखाच्या फासळ्यांवर, मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावून मधल्या जागांवर उजळ रंगाचा अगदी पातळ फवारा दिला आणि टेप काढून वर मूळ रंगाचा एक झिरझिरीत थर दिला. आता पंख तिरपा धरला तरच रिब जाणवतात. हे काम मला स्वतःला आवडले आहे. तुला आवडणार नाही, कारण ते ऑलिव्ह तुकड्यावर जास्त चांगले दिसते.

सध्या मनात असे आहे की पायाचा थर ऑलिव्हचा द्यावा, आणि एंजिनाच्या मागे, धुरांड्यांच्या नळ्यांच्या कडेने आणि कॉकपिटच्या काठाला तेलरंगाने तपकिरी झाक आणावी. पण वरचा पंख एकदा चिकटला की दोन पंखांच्या मध्ये एअरब्रश शिरत नाही, आणि रिगिंग, म्हणजे पंखांमधल्या तारा, ओढल्यावर तर कुंचलाही नाही. म्हणून तुझे प्रमाण मला आधी हवे आहे: काळा किती, पिवळा किती. "अंदाजाने" असे लिहू नकोस. मागे अंदाजाने लिहिलेस आणि माझा अख्खा डबा पाण्यात गेला असे मी आजही मानतो.

तारांसाठी गोल धागा न घेता चपटा लवचीक धागा आणला आहे, कारण खऱ्या विमानाच्या तारा धारेसारख्या चपट्या होत्या. यावर तरी आपले एकमत आहे.

माझी प्रकृती ठीक. रक्तदाबाची गोळी चालू आहे. कुमुदवहिनींचा हात प्लास्टरमधून सुटला का? धाकट्याच्या नोकरीचे वाचून फार आनंद झाला, त्याला आशीर्वाद सांग. घराचा व्यवहार मात्र वसंताला न विचारता कर.

आणि ०.३ मिलिमीटरची ती ड्रिलची पाती तुझ्याकडे आहे. तारांची भोके पाडल्याशिवाय पंख बसवता येणार नाही, तेव्हा प्रमाणाबरोबर तीही पाठव.

तुझा,
दत्ता