जमीन खचल्याच्या दाव्यातील पाहणी अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गृहविमा विभाग, पुणे

महोदय,

सहकारनगरमधील माझ्या बैठ्या घराचा ‘भारत गृह रक्षा’ विमा आपल्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात मागच्या अंगणात हातभर रुंद खड्डा पडला, त्या बाजूचे जोते खाली बसले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा गेला. आपल्या इंजिनिअरांच्या अहवालावरून माझा दावा नामंजूर झाला. भरपाईबद्दल मी स्वतंत्रपणे लिहीन. ही तक्रार त्या अहवालाबद्दल आहे.

पाहणीच्या वेळी त्यांनी खड्ड्यात पहार घातली, ती जवळजवळ सबंध आत गेली, तेव्हा “खालची माती वाहून गेलेली दिसते, ट्रायल पिट (माती तपासण्यासाठी खोदायचा खड्डा) घ्यावा लागेल” असे ते माझ्या व शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले. अहवालात ना पहारेचा उल्लेख आहे, ना ट्रायल पिटचा. उलट, पुण्याखाली बेसॉल्ट (काळा कातळ) असल्याने पोकळी संभवत नाही आणि तडा बांधकामाच्या नेहमीच्या बसण्याचा आहे, असे लिहिले आहे. बेसॉल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, हे मान्य. परंतु खडकावरची माती फुटक्या ड्रेनेज लाइनच्या पाण्याबरोबर वाहून गेली तरी पोकळी होतेच. २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा अख्खा ट्रक जमिनीत गेला, तो याच बेसॉल्टवरच्या पुण्यात.

पॉलिसीत जमीन खचण्याला संरक्षण आहे. नेहमीचे बसणे वगळले आहे ते फक्त नव्या बांधकामाचे. माझे घर चाळीस वर्षांचे आहे.

इंजिनिअरांची फी कंपनी देते, यात गैर काही नाही. मात्र जागेवर जे दिसले ते सगळे लिहिणे, आणि जे तपासले नाही ते तपासले नाही असे नोंदवणे, हे फी कोणी दिली यावर अवलंबून असू नये. त्यांनी स्वतःच हे गाळले, की कच्चा मसुदा आपल्या कार्यालयात बदलला गेला, हे मला कळायला हवे. म्हणून मूळ मसुदा, जागेवरची टिपणे व छायाचित्रे द्यावीत, आणि दुसऱ्या इंजिनिअरांकडून ट्रायल पिट व ड्रेनेज लाइनच्या तपासणीसह फेरपाहणी करवावी.

महिनाभरात उत्तर न आल्यास मी विमा लोकपालांकडे जाईन. पुरावा म्हणून खड्डा अजून बुजवलेला नाही, नुसता पत्रा टाकून ठेवला आहे. पण येत्या पावसाआधी तो बुजवणे भाग आहे.

आपला विश्वासू,
पॉलिसीधारक