स्मरणाची आठवण : लेफ्टनंट फ्रँक डी पास, पूना हॉर्स

सर्व सभासदांस नमस्कार,

येत्या २५ नोव्हेंबरला लेफ्टनंट फ्रँक अलेक्झांडर डी पास यांचा स्मृतिदिन आहे. जन्म लंडनचा, घराणं ज्यू, पलटण मात्र आपल्या पुण्याचं नाव लावणारी : ३४ वी पूना हॉर्स, ब्रिटिश भारतीय सैन्यातली घोडदळाची पलटण. याच पूना हॉर्समध्ये पुढे १९७१ च्या युद्धात परमवीर चक्र विजेते अरुण खेत्रपाल लढले, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. डी पास मात्र आपल्याकडे कुणाला फारसे आठवत नाहीत, याची खरोखर खंत वाटते.

२४ नोव्हेंबर १९१४, पहिलं महायुद्ध, फ्रान्समधलं फेस्टुबेर. जर्मन शत्रूने आपल्या खंदकाच्या दिशेने खणत आणलेल्या चरात ते शिरले आणि बॉम्ब पडत असताना तिथला मातीचा आडोसा त्यांनी उडवून दिला. नंतर गोळीबारात उघड्यावर पडलेल्या एका जखमी सैनिकाला उचलून आणलं. दुसऱ्याच दिवशी त्याच चरावर पुन्हा चालून जाताना ते मारले गेले. वय २७. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मरणोत्तर मिळाला.

त्यांची कबर बेथ्यून टाउन सिमेटरीत आहे. आपले जे सभासद किंवा त्यांची मुलं-नातवंडं फ्रान्स-बेल्जियमकडे असतील, त्यांनी जमल्यास तिथे एक फूल ठेवावं, फोटो ग्रुपवर पाठवावा. जवळच नव्ह-शापेलचं स्मारक आहे. ज्यांना कबरही लाभली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत. तिथेही जरूर थांबा.

इथे असलेल्यांनी त्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता घरीच दिवा लावून दोन मिनिटं शांत उभं राहावं. त्या दिवशी ग्रुपवर इतर संदेश कृपया टाकू नयेत.