पंचांवर धावून जाणाऱ्या पालकांना आवरा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय स्पर्धा सुरू झाल्या की आपल्या क्रीडा पानावर निकालांची दाटी होते. त्या निकालांत न दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल हे पत्र. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. सोलापुरात किंवा जवळच्या तालुक्यात खो-खोचा सामना असला की अजूनही जाऊन बसतो. मुले जीव तोडून खेळतात, त्यांच्याबद्दल काहीच तक्रार नाही. बिघडले आहे ते मैदानाच्या रेषेबाहेर.

मध्यंतरी 14 वर्षांखालील मुलींचा सामना पाहिला. शेवटच्या मिनिटात सूर मारून एक गडी बाद झाला आणि सामना फिरला. बाद झालेली मुलगी मुकाट्याने बाहेर आली. हात लागल्याचे तिला कळले होते. एवढ्यात एक पालक मोबाइल उंचावत आत घुसले, त्यांच्या मागोमाग प्रशिक्षकही. ‘अय पंच, डोळे हाईत का न्हाईत?’ इथून सुरुवात झाली ती ‘पंच विकला गेलाय’ इथपर्यंत गेली. थोड्या वेळाने तीच मुलगी रडत रडत सांगू लागली, ‘सर, लागलाच नव्हता.’

हरल्याचे रडू असते तर मला काही वाटले नसते. खेळात रडू येतेच, यावेही. पण खरेपणाने बाहेर आलेल्या पोरीला आपण मोठ्यांनी तिथल्या तिथे खोटे बोलायला लावले. फेब्रुवारी 1980 मध्ये वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिले होते. आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी पंचांना विनंती करून त्याला परत खेळायला बोलावले. टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागीदारी केली, आपण दहा गडी राखून हरलो. विश्वनाथ यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. ती मुलगी बाहेर आली तेव्हा तिने तेच केले होते, आणि तिच्या पाठीवर थाप मारायला कोणी नव्हते.

पालकांची तगमग मला कळते. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. विडी वळणाऱ्या आईला किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या बापाला एका प्रमाणपत्रातून पोरीचे भविष्य दिसत असेल, तर त्यात गैर काय? ही सवलत राहिलीच पाहिजे. पण त्याच प्रमाणपत्रापायी जन्मतारखेचे खोटे दाखले येतात, थोराड मुले लहान गटात उतरवली जातात आणि प्रामाणिक मुलाची जागा जाते. तिथे मात्र हेच पालक गप्प असतात, कारण कधी कधी फायदा आपल्याच संघाचा असतो.

मोठ्या आखाड्यात मुले काय पाहतात? जानेवारी 2023 मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत आपल्याच जिल्ह्यातल्या दोन मल्लांच्या लढतीत चार गुणांवरून वाद पेटला, पंचांना फोनवरून धमकी गेल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला तर पंचांना लाथ मारली गेली. निर्णय चुकलाही असेल. पंच माणूसच आहे. म्हणून तर लेखी आक्षेपाची सोय असते.

याच्या अगदी उलट वागलेली एक आई सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला नीरज चोप्राचा भाला 89.45 मीटरवर पडला आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा 92.97 मीटरवर. सुवर्ण हुकले. नीरजच्या आई म्हणाल्या, सुवर्ण जिंकणारा तोही आमचाच मुलगा. घरी असे कानावर पडले तर पोरगा प्रतिस्पर्ध्याला शत्रू समजणारच नाही.

आयोजकांना एवढेच सांगणे आहे की प्रेक्षकांना रेषेपासून लांब बसवा. आक्षेप फक्त संघ व्यवस्थापकाने आणि तोही लेखी द्यावा. कोणी आत घुसले तर खेळ थांबवून त्याला आधी मैदानाबाहेर काढा, मग तो कोणत्याही पदावरचा असो. शाळांनी स्पर्धेला निघण्यापूर्वी पालकांची बैठक घेऊन हे बजावावे. किटच्या मापासाठी बैठक होते, तशी यासाठीही व्हावी.

आपल्याकडेही एक मागणे आहे. राज्य स्पर्धेच्या बातमीत ‘पराभूत संघाकडून’ अमक्याने किती वेळ पळती केली, कोणी एकाकी लढत दिली, हे आवर्जून छापले जाते. शालेय निकालात मात्र फक्त विजयी संघाची नावे असतात. त्याखाली हरलेल्या संघातल्या एखाद्या चांगल्या खेळाडूसाठी एक ओळ द्या. जागेची अडचण असेल, तर विजेत्यांसोबत उभ्या पाहुण्यांची नावे थोडी कमी करावीत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर